पानांवरचे बुडबुडे तपासणारा डॉक्टर: प्लांटेड टँकचा दिवा घेण्याआधी यान इंगेनहाउझ

प्लांटेड टँकसाठी, त्यातही हाय-लाइट टँकसाठी, दिवा कोणता घेऊ असं कोणी विचारलं की बोलणं लगेच वॉटवर जातं. किती वॉट, कोणती कंपनी, किती हजार. मी हल्ली उत्तर देताना आधी एका डच डॉक्टरची गोष्ट सांगतो. त्याचं नाव यान इंगेनहाउझ. त्याच्या काळात वीजेचा दिवा नव्हता आणि काचेच्या टाकीत मासे-झाडं पाळण्याचा छंदही नव्हता. पण पाण्यात बुडालेल्या हिरव्या पानावर उजेड पडला की काय होतं, हे नीट तपासून पहिल्यांदा त्यानेच दाखवलं. दिव्याच्या खोक्यावर जे छापलेलं असतं आणि जे छापलेलं नसतं, ते समजायला त्याच्या आयुष्याइतकी सोपी वाट मला दुसरी सापडलेली नाही.

इंगेनहाउझ जन्मला ८ डिसेंबर १७३० रोजी, नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावी. तो लहान असताना ब्रिटिश सैन्याचा तळ गावाजवळ पडला होता. सैन्याबरोबर आलेला डॉक्टर जॉन प्रिंगल याची आणि इंगेनहाउझ कुटुंबाची ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. पोराने पुढे लुव्हेन आणि लायडनला वैद्यकाचं शिक्षण घेतलं, गावात दवाखाना चालवला, आणि वडील गेल्यावर प्रिंगलच्या ओळखीने लंडन गाठलं.

तिथे त्याने हात बसवला तो देवी टोचण्यात. आपल्याला माहीत असलेली गायीच्या देवीची लस अजून यायची होती. तेव्हाची पद्धत म्हणजे खऱ्या देवीच्या रोग्याच्या फोडातला अंश निरोगी माणसाच्या कातडीत अगदी थोडासा टोचायचा. रोग सौम्य येतो, माणूस वाचतो आणि पुन्हा देवी होत नाही. पण कधीतरी सौम्य येतही नाही. म्हणजे धडधाकट माणसाला आपण हाताने आजारी पाडायचं, आणि तो दगावला तर दोष आपला. १७६८ मध्ये हर्टफर्डशायरमध्ये साथ पसरली तेव्हा त्याने थॉमस डिम्सडेल या डॉक्टरबरोबर शेकडो गावकऱ्यांना टोचलं. त्याच वर्षी व्हिएन्नाहून बोलावणं आलं. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या घरात देवीने माणसं गेली होती, ती स्वतः आदल्याच वर्षी मरता मरता वाचली होती. इंगेनहाउझने आधी गरीब घरांतल्या मुलांवर पद्धत वापरून दाखवली आणि मग राजघराण्यातल्या मुलांना टोचलं. (गरीबांची मुलं आधी, हे वाचताना आज अंगावर येतं. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.) सगळी मुलं सुखरूप राहिली आणि हा राजवैद्य झाला, तहहयात वेतनासकट. पोटाची चिंता मिटली, आणि मग त्याला प्रयोग करायला सवड मिळाली.

उष्णतेचा प्रयोग आणि दिव्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी

त्याचा एक प्रयोग दिव्याच्या बाबतीत थेट कामाचा आहे, म्हणून आधी तोच. कोणत्या धातूतून उष्णता लवकर सरकते हे ताडण्यासाठी त्याने वेगवेगळ्या धातूंच्या सारख्या मापाच्या तारा घेतल्या, त्यांना मेणाचा थर दिला आणि एक टोक गरम केलं. ज्या तारेवरचं मेण जास्त लांबपर्यंत वितळेल ती तार उष्णतेची चांगली वाहक. कल्पना त्याचा मित्र बेंजामिन फ्रँकलिन याने सुचवली होती. त्यात चांदी पुढे निघाली, शिसं मागे पडलं. अॅल्युमिनियम त्या यादीत नव्हतं, कारण तो धातू वेगळा काढायला १८२५ उजाडावं लागलं.

आज चांगल्या एलईडी दिव्याच्या पाठीवर अॅल्युमिनियमचा जाडजूड, कंगव्यासारखे दाते असलेला भाग असतो तो याचसाठी. एलईडीच्या प्रकाशझोतात उष्णता फारशी नसते, पण चिप स्वतः मागच्या बाजूने तापते. ती उष्णता धातूतून निघून हवेत गेली नाही तर चिपचा उजेड वर्षा-दोन वर्षांत उतरतो. अॅल्युमिनियम तांब्याच्या जवळपास साठ टक्के उष्णता वाहून नेतं आणि स्वस्त, हलकं असतं. म्हणून दुकानात दिवा हातात घेऊन बघा. प्लास्टिकच्या हलक्या पट्टीत ठासून भरलेल्या चिप्स दिसल्या तर तो दिवा पहिल्या महिन्यात कितीही लख्ख वाटो, मी घेणार नाही.

साउथहॉलचा उन्हाळा

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलीने दाखवलं होतं की मेणबत्ती जळून खराब झालेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली तर काही दिवसांनी त्या हवेत पुन्हा मेणबत्ती जळते. रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं. त्या प्रसंगी सोसायटीचा अध्यक्ष म्हणून भाषण केलं आपल्या प्रिंगलने, आणि तिथून इंगेनहाउझच्या डोक्यात हा विषय शिरला. अडचण अशी होती की प्रिस्टलीचा प्रयोग कधी जमायचा, कधी नाही. स्वीडनमधल्या शेलेला तर उलटंच उत्तर मिळालं: झाडाने हवा आणखी बिघडवली.

१७७९ च्या उन्हाळ्यात इंगेनहाउझने व्हिएन्नाहून येऊन लंडनजवळ साउथहॉल ग्रीन इथे एक घर भाड्याने घेतलं. जूनपासून तीन महिन्यांत त्याने पाचशेहून जास्त प्रयोग केले, आणि त्याच वर्षी पुस्तक छापून मोकळाही झाला. आपल्या आधी कोणी छापेल ही भीती त्याला होती. ती अगदीच खोटी नव्हती, कारण प्रिस्टलीही त्याच रस्त्यावर होता.

त्याची युक्ती साधी होती. पानं पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवायची, भांडं पालथं करायचं आणि उन्हात ठेवायचं. पानाच्या पृष्ठभागावर बुडबुडे जमतात, सुटून वर जातात आणि पालथ्या तळाशी वायू साठतो. पाणी वापरलं ते वायू कोंडून पकडायला. त्यामुळे बागेतल्या साध्या झाडांची पानंही चालायची. शाळेत हायड्रिलावर पालथं नरसाळं आणि त्यावर परीक्षानळी ठेवून जो प्रयोग करतात, तो याचाच वंशज. विझत आलेली उदबत्ती नळीत धरली की भप्पकन पेटते, तोही.

पाण्यातल्या पानावर बुडबुडे येतात हे जिनिव्हाच्या शार्ल बॉनेने आधीच पाहिलं होतं. पण त्याला वाटलं, ती पाण्यातलीच हवा पानाला चिकटते. हा गोंधळ आपल्या टँकमध्ये आजही रोज होतो. पाणी बदललं की पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसतात आणि माणूस खूश होतो की नवा दिवा झाडांना मानवला. अशा वेळी दगडांकडे आणि काचेकडे बघायचं. तिथेही तसेच बुडबुडे असतील तर ती नळाच्या पाण्यात दाबाखाली विरघळलेली हवा आहे, बॉनेचं म्हणणं त्या दिवसापुरतं खरं. दगड कोरडेठाक, म्हणजे बुडबुड्यांविना, आणि फक्त पानांच्या कडेने किंवा देठाच्या तुटल्या टोकातून माळ सुटत असेल, तीही दिवा लागून दोन-तीन तास झाल्यावर, तर तो झाडांनी तयार केलेला ऑक्सिजन. पाण्यात आणखी ऑक्सिजन मावेनासा झाला की तो असा दिसू लागतो.

इंगेनहाउझ बघण्यावर थांबला नाही. साठलेला वायू त्याने मोजला. त्यासाठी नायट्रिक ऑक्साइडची चाचणी होती: ऑक्सिजनशी मिळून तयार होणारा वायू पाण्यात विरघळतो आणि एकूण आकारमान घटतं. जितकी घट जास्त, तितका ऑक्सिजन जास्त. मग त्याने एकेक गोष्ट बदलून पाहिली. सावलीत ठेवलं, रात्री ठेवलं, सकाळी, दुपारी. फुलं, मुळं, फळं वेगळी तपासली. उत्तर स्पष्ट आलं: चांगली हवा देतात ती फक्त हिरवी पानं आणि हिरवे देठ, आणि फक्त उजेडात. प्रिस्टलीचा प्रयोग कधी का फसायचा ते इथे उलगडलं. प्रश्न पुदिन्याचा नव्हता, भांडं ठेवलेल्या जागी उजेड किती होता त्याचा होता.

मला सगळ्यात आवडते ती त्याची पुढची पायरी. सूर्य उजेड देतो तशी ऊबही देतो. मग काम कोण करतं? त्याने पानं अंधारात ऊब देऊन पाहिली. चांगली हवा मिळाली नाही. काम उजेडाचं होतं, उष्णतेचं नव्हे. पूर्वी टँकवर हॅलोजन किंवा मेटल हॅलाइड लावणाऱ्यांना दिवा तापतो म्हणजे ताकदवान असं वाटायचं. हॅलोजनची बहुतेक वीज अवरक्त किरणांत, म्हणजे उष्णतेत जाते. पान त्यातून काही घेत नाही, पाणी मात्र तापतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी तसंही ३० अंशांच्या वर जातं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून आपल्या हवेत हाय-लाइट टँकला एलईडीच बरा.

पानाला मोजता येईल असा उजेड

आता उजेडच हवा हे ठरलं, तर तो किती आणि कसा मोजायचा? वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. अमुक लिटरला तमुक वॉट हा हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एकाच वॉटचे दोन एलईडी दुप्पट-तिप्पट वेगळा उजेड देऊ शकतात. ल्युमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो. आपला डोळा हिरवट-पिवळ्याला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात हळवा, म्हणून तो रंग जास्त घातला की ल्युमेनचा आकडा फुगतो. केल्विन म्हणजे उजेड पिवळट दिसतो की निळसर. ६५०० लिहिलं की दिवसाच्या उजेडासारखा दिसेल एवढंच कळतं, लाल रंग त्यात किती आहे ते कळत नाही.

पानाच्या कामाचं माप आहे पीएआर: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशाचे कण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर किती पडतात. ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या घरात जातो. टँकवाल्यांच्या व्यवहारात तळाच्या मातीपाशी ३०-४० पर्यंत लो-लाइट, ८०-१०० च्या पुढे हाय-लाइट धरतात. लालबुंद रोटाला, हेमियान्थस क्यूबासारखं जमिनीलगत पसरणारं गवत, अशांना वरची पातळी लागते. जावा फर्न, अनुबियासला मुळीच नाही.

तर दुकानदाराला विचारायचं ते हे: माझ्या टाकीच्या खोलीला, तळाशी, मधोमध आणि कोपऱ्यात पीएआर किती? दिव्याखाली १० सेंटिमीटरवरचा आकडा दाखवून कोणीही मोठेपणा मिरवेल. दिवा वर गेला, पाणी खोल झालं की उजेड पसरतो आणि घटतो. ३० सेंटिमीटर खोल टाकीत जो दिवा हाय-लाइट, तोच ५० सेंटिमीटरला मध्यम. रुंद टाकीला एक अरुंद पट्टी मध्यभागी लावली तर मधली झाडं जळतील आणि कडेची लांबुळकी होतील. तिथे दोन दिवे घ्या. डिमर नसलेला हाय-लाइट दिवा मी कोणालाच सुचवत नाही. का, ते इंगेनहाउझच्या भांडणात आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. १८८२ मध्ये एंगेलमानने हिरव्या शेवाळाच्या तंतूवर लोलकातून फुटलेला प्रकाश टाकला, आणि ऑक्सिजन आवडणारे जिवाणू लाल आणि निळ्या पट्ट्यात गोळा झाले. त्यावरून गुलाबी दिव्यांची फॅशन आली. पण हिरवा उजेडही पान बऱ्यापैकी वापरतं, आणि टाकी आपण बघायला ठेवतो. लाल, निळ्याबरोबर चांगला पांढरा असलेला दिवा घ्यावा.

भांडण, आणि त्यातून निघालेली गोष्ट

पुस्तक आलं आणि श्रेयाचे वाद सुरू झाले. एक प्रिस्टलीशी. प्रिस्टलीने पाण्याच्या भांड्यांच्या काचेवर आपोआप आलेला हिरवा थर पाहिला होता, उन्हात त्यातूनही शुद्ध हवा निघायची. तो थर म्हणजे वनस्पती की आणखी काही, याबद्दल तो बरेच दिवस साशंक होता. टँकवाला ते चित्र बघून एका सेकंदात सांगेल: शेवाळ! ज्याला आपण ब्लेडने खरवडतो, त्याच्यावर त्या काळचे दोन मोठे लोक वाद घालत होते.

दुसरा वाद जिनिव्हाचा पाद्री झाँ सेनेबिए याच्याशी, आणि दिवा घेणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा हा. १७८२ मध्ये सेनेबिएने दाखवलं की पाणी उकळून त्यातला वायू घालवला तर कितीही उन्हात ठेवा, पानं ऑक्सिजन देत नाहीत. पाण्यात कार्बन डायऑक्साइड असला तरच देतात. इंगेनहाउझला हे पटेना. त्याने उजेड शोधला होता आणि त्या उजेडाला कच्चा माल लागतो हे मान्य करायला त्याला वर्षं लागली. दोघे छापील लेखांतून एकमेकांवर चालून जात राहिले. शेवटी लाव्हाझिएचं नवं रसायनशास्त्र रुजल्यावर, १७९६ मध्ये, झाडांच्या अन्नाविषयीच्या निबंधात इंगेनहाउझने लिहिलं की झाडाला कार्बन मिळतो तो याच वायूतून. हायड्रिलाच्या प्रयोगात बाई पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात, तो सेनेबिएचा वाटा.

हाय-लाइट टँक बिघडतात ते बहुतेक इथे. माणूस इंगेनहाउझपर्यंत येऊन थांबतो. दिवा जबरदस्त घेतो, सीओटूचा सिलिंडर पुढच्या पगाराला बघू म्हणतो. गॅस मोठा केला आणि कणीक भिजवलेलीच नाही, तर तवाच जळणार. उजेड भरपूर आणि सीओटू तुटपुंजा असला की झाडं अडून बसतात, आणि प्रिस्टलीचा हिरवा थर, ज्याला थोडक्यात भागतं, तो काच व्यापतो. म्हणून बजेट एकत्र मांडा: दिवा, रेग्युलेटर, डिफ्यूझर, खत. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मध्यम दिवा घ्या आणि सोपी झाडं लावा. सगळं असेल तरी नव्या टाकीत डिमर निम्म्यावर, रोज सहा तास. झाडं मुळं धरतील तसं आठवड्याआड थोडं थोडं वाढवा.

त्याच्या पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग रात्रीचा आहे. अंधारात झाडं हवा बिघडवतात, म्हणजे आपल्यासारखाच श्वास घेतात, हे त्याने सांगितलं आणि लोक दचकले. फुलं रात्री खोलीत ठेवू नयेत असाही सल्ला दिला. खोलीत ते प्रमाण नगण्य असतं, इथे त्याचा अंदाज अति होता. पण साठ लिटरच्या दाट लावलेल्या टाकीत ते नगण्य राहत नाही. रात्रभर झाडं आणि मासे दोघेही ऑक्सिजन घेतात, त्यात सीओटू चालू राहिला तर पहाटे मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकताना दिसतात, किंवा मेलेले. दिवा आणि सीओटू दोन्ही टायमरवर हवेत: सीओटू दिव्याआधी तासभर सुरू, दिवा बंद व्हायच्या तासभर आधी बंद. रात्री एअर पंप लावला तर उत्तम. टायमर वीज गेल्यावर वेळ विसरणारा नको, बॅटरीचा घ्या. भारनियमनाच्या गावात या दोनशे-चारशे रुपयांवर मासे जगतात.

इंगेनहाउझने १७८८ मध्ये व्हिएन्ना सोडलं आणि परत तिकडे गेला नाही. बायको, वनस्पतिशास्त्रज्ञ याक्विनची बहीण, तिथेच राहिली. फ्रान्समध्ये क्रांती पेटली, तो अखेर इंग्लंडला आला. वाद घालायची खोड सुटली नव्हती. जेनरने गायीच्या देवीची लस मांडली तेव्हा देवी टोचण्यात हयात घालवलेल्या या माणसाने त्याला पत्र लिहून विरोध कळवला. ७ सप्टेंबर १७९९ रोजी विल्टशायरमधल्या बोवूड हाउसमध्ये, लॉर्ड लॅन्सडाउनचा पाहुणा असताना, तो वारला. त्याला जवळच्या कॅन गावात पुरलं. हे तेच बोवूड, जिथे १७७४ मध्ये प्रिस्टलीने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याच्या भस्मातून ऑक्सिजन काढला होता. प्रिस्टलीची ती खोली आजही तिथे पाहता येते.